स्वतंत्र पॅटर्नकारांमुळे मोठ्या पॅटर्न कंपन्या खरोखर बदलल्या का?

कच्चाटाका:

घरी कपडे शिवताना मी बरीच वर्षे विकतचे कागदी पॅटर्न, म्हणजे कापड कापण्यासाठीचे कागदी साचे, वापरत आले आहे. सुरुवात बटरिक, मॅकॉल्स, व्होग आणि सिंप्लिसिटी या चार जुन्या नावांपासून झाली. मधली काही वर्षे मात्र मी जवळजवळ फक्त स्वतंत्र पॅटर्नकारांचे, म्हणजे एखाद्या व्यक्तीने किंवा दोन-चार जणांच्या चमूने काढलेले आणि पीडीएफ उतरवून घेऊन घरी छापायचे पॅटर्न शिवले. अलीकडे एका मोठ्या कंपनीचे नवे पाकीट पुन्हा उघडले, तेव्हा आश्चर्य वाटले. पॅटर्नला क्रमांकाच्या जोडीला एका मुलीचे नाव दिलेले होते. पाकिटावर समाजमाध्यमांतून स्वतःचे शिवणकाम दाखवणाऱ्या एका शिवणकर्तीचा फोटो होता. छातीच्या तुकड्यावर वेगवेगळ्या कप-मापांच्या रेषा होत्या. यांतली प्रत्येक गोष्ट मी आधी छोट्या पॅटर्नकारांकडे पाहिली होती.

छोट्यांनी मोठ्यांना बदलायला लावले, असे शिवणारी मंडळी एकमेकांना सहज सांगतात. पण नेमके काय बदलले आणि ते कोणत्या वाटेने बदलले, हे मला कोणाकडून नीट समजलेले नाही. डिझाइन, मापे, सूचना आणि विक्रीची पद्धत यांपैकी कशावर हा प्रभाव दाखवता येतो? की काळ बदलला म्हणून दोघेही एकाच वेळी बदलले आणि आपण त्याला उगाच प्रभाव म्हणतो आहोत? ज्यांनी दोन्ही प्रकारचे पॅटर्न भरपूर वापरले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उरेबपट्टी:

कच्चाटाका, मी तीसेक वर्षे शिवते आहे आणि त्यांतली बरीच वर्षे शिकवतेही आहे, त्यामुळे दोन्ही प्रकारचे पॅटर्न नवशिक्यांच्या हातात पडले की काय होते, हे जवळून पाहिलेले आहे. माझे मत आधीच सांगते. प्रभाव निश्चित पडला, पण तो कपड्याच्या डिझाइनवर सर्वांत कमी पडला आणि शिवणाऱ्या माणसाशी बोलण्याच्या रीतीवर सर्वांत जास्त पडला.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मापवार श्रेणी लावलेले कागदी पॅटर्न विकण्याचा व्यवसाय अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्टर्लिंग गावी १८६३ मध्ये एबेनेझर बटरिक या शिंप्याने सुरू केला. त्याआधीही पॅटर्न विकले जात, पण ते बहुधा एकाच मापाचे असत आणि आपल्या अंगाला बसवण्याचे काम घेणाऱ्यावर पडे. त्यामागोमाग १८७० मध्ये जेम्स मॅकॉल या स्कॉटिश शिंप्याची कंपनी न्यू यॉर्कमध्ये उभी राहिली. व्होगचे पॅटर्न १८९९ मध्ये मासिकातल्या कुपनाच्या रूपाने सुरू झाले, तर सिंप्लिसिटी १९२७ मध्ये स्वस्त पॅटर्न घेऊन बाजारात आली. म्हणजे ज्यांना आपण आज मोठ्या कंपन्या म्हणतो, त्यांतल्या पहिल्या दोघी शिंप्याच्या कामाच्या टेबलावरच जन्मल्या.

नंतरच्या शंभर वर्षांत या कंपन्यांचे सूचनापत्रक मोठ्या तावावर बारीक अक्षरांत छापलेल्या, अत्यंत काटकसरीच्या भाषेत स्थिरावले. त्या भाषेमागे एक गृहीतक होते: पाकीट घेणाऱ्या बाईला शिवण येते, ती आईकडून किंवा शाळेतून शिकलेली आहे, तिला फक्त क्रम सांगायचा आहे. शर्टाच्या कॉलरचेच उदाहरण घ्या. कॉलरची पट्टी गळ्याला जोडताना पट्टीच्या टोकाशी, जिथे बटणपट्टी येऊन मिळते, तिथे तीन-चार थर एकावर एक येतात. टीप नेमकी कुठे थांबवायची, माया (शिवणीबाहेर सोडलेले जास्तीचे कापड) कुठे कातरून पातळ करायची आणि वळणावर कात्रीची टोके कितपत आत न्यायची, हे तिथे कळले नाही तर कॉलरच्या दोन्ही बाजूंना गाठोडी होतात. जुन्या पत्रकात या सगळ्यासाठी दोन ओळी आणि अंगठ्याएवढे एक चित्र असे. माझ्या कितीतरी विद्यार्थिनी त्या दोन ओळींवर अडल्या आणि आपल्यालाच शिवण जमत नाही असे समजून मशीन झाकून बसल्या.

२००८ आणि २००९ ही दोन वर्षे या संदर्भात माझ्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. २००८ मध्ये लीझल गिब्सन यांनी लहान मुलांच्या कपड्यांसाठी ऑलिव्हर अँड एस सुरू केले. त्यांच्या पॅटर्नवर कात्रीच्या चिन्हांनी अवघडपणाची पायरी दाखवलेली असते, आणि सूचना अशा लिहिलेल्या असतात की एक पॅटर्न शिवून झाला की हातात एक नवे तंत्र उरते. २००९ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडमधून सराई मिटनिक यांनी कोलेट पॅटर्न्स काढले. त्यांत सूचनांचा ताव नव्हता, टाचलेली पुस्तिका होती. पाठोपाठ व्हँकुव्हरहून सूअहोलिक, लंडनहून टिली अँड द बटन्स, शिकागोहून ग्रेनलाइन स्टुडिओ, माँट्रिऑलहून आज क्लोजेट कोअर नावाने चालणारा उद्योग असे अनेक जण आले. यांतल्या बहुतेकांनी पॅटर्नच्या सोबतीने, फोटो घालून, रोज थोडे थोडे एकत्र शिवण्याचे पाठ मोफत दिले. पॅटर्न हे उत्पादन राहिलेच, पण त्याला शिकवणीही जोडली गेली, आणि घेणारीला एकदा तिची सवय लागल्यावर मोठ्या कंपन्यांचे मुके पत्रक तिला अपुरे वाटू लागले. काही वर्षांत मॅकॉलसारख्या कंपनीनेही स्वतःच्या संकेतस्थळावर एकत्र शिवण्याचे उपक्रम सुरू केले आणि पॅटर्नना क्रमांकाबरोबर हॅशटॅगसकट नावे दिली. या दोन्ही गोष्टी छोट्यांकडून आल्या, असे मी ठामपणे म्हणेन.

आता वाटेबद्दल. माझ्या मते प्रभाव अनुकरणापेक्षा माणसांच्या मार्फत जास्त आत शिरला. लीझल गिब्सन यांनी २०११ मध्ये सिंप्लिसिटीसाठी लिझेट ही पॅटर्नमालिका केली, आणि नंतर २०१५ पासून तीच मालिका बटरिककडे गेली. जुन्या धाटणीच्या कपड्यांवर लिहिणाऱ्या ग्रेचेन हर्श यांनी बटरिकसाठी पॅटर्न केले आणि पुढे चार्म पॅटर्न्स हे स्वतःचे नाव उभे केले. शिवणकामावर ब्लॉग लिहिणाऱ्या मिमी जी यांचे पॅटर्न सिंप्लिसिटीने छापले. २०२२ मध्ये नो मी नावाची एक स्वतंत्र मालिकाच आली, जिच्यात प्रत्येक पॅटर्न एखाद्या शिवणकर्त्या व्यक्तीच्या नावाने आणि चेहऱ्याने येतो. तुम्ही उघडलेले पाकीट याच वळणाचे असणार. पूर्वी पाकिटावर नाव असायचे ते पॅरिसच्या किंवा न्यू यॉर्कच्या प्रसिद्ध फॅशन डिझायनरचे. आज त्या जागी स्वतः मशीनवर बसणारी व्यक्ती आली आहे. छोट्या पॅटर्नकारांनी दहा-बारा वर्षे नाव, चेहरा आणि स्वतःचे शरीर पुढे करून पॅटर्न विकले नसते, तर कोणत्याही कंपनीला हे सुचले असते असे मला वाटत नाही.

मुंढा आणि बाही:

उरेबपट्टी यांच्या सूचनांविषयीच्या मताशी मी सहमत आहे, पण मापांविषयी मला वेगळे सांगायचे आहे, कारण माझे सगळे काम त्याच भागात झाले आहे. मी पॅटर्न काढणे आणि त्यांचे ग्रेडिंग करणे, म्हणजे एका मापाच्या पॅटर्नवरून लहान-मोठी मापे काढणे, या व्यवसायात होतो, आणि माझ्या अनुभवात पॅटर्नचे पाकीट बदलणे सोपे असते, सूचना बदलणे त्याहून थोडे कठीण असते आणि मूळ ब्लॉक बदलणे सर्वांत कठीण असते.

ब्लॉक म्हणजे ज्याच्यावरून सगळी डिझाइने काढली जातात तो मूळ अंगाचा साचा. चार जुन्या कंपन्यांची मापे एका समान प्रमाणावर बसवलेली आहेत, आणि त्या प्रमाणाचा आजचा सांगाडा १९६० च्या दशकाच्या अखेरीस ठरला. त्या तक्त्यात १२ नंबर म्हणजे छाती ३४ इंच, कंबर साडेसव्वीस इंच आणि सीट ३६ इंच. १४ नंबर म्हणजे ३६, २८ आणि ३८. अंग बी कपाचे धरलेले. दुकानातल्या तयार कपड्यांचे नंबर दरम्यानच्या काळात कुठल्या कुठे गेले, त्यामुळे तयार कपड्यात ८ नंबर घालणाऱ्या बाईला पॅटर्नमध्ये १४ घ्यावा लागतो, आणि बिचारीचा पहिला गोंधळ तिथेच सुरू होतो.

दुसरा गोंधळ सैलपणाचा. हा मी एकदा प्रत्यक्ष मोजून पाहिलेला आहे, म्हणून तपशिलाने सांगतो. एका ओळखीच्या ताईंनी एका मोठ्या कंपनीच्या शर्टाचा पॅटर्न तक्त्याप्रमाणे १४ नंबरचा कापला. त्यांची छाती बरोबर ३६ भरत होती, तरी शर्ट खांद्यावरून उतरला आणि मुंढ्याखाली, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईखाली, कापडाच्या चुण्या जमल्या. आम्ही पातळ कागद टेबलावर पसरला. छातीच्या टोकाशी वर्तुळात फुली असलेले चिन्ह असते, त्याच्या शेजारी तयार कपड्याचे माप छापलेले होते: ४१ इंच. म्हणजे पाच इंच सैल. ते माप पहिल्यापासून तिथेच होते, पण कापण्याआधी ते वाचायचे असते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. काखेखालून वरच्या छातीचे माप घेऊन त्यावर नंबर निवडला असता आणि छातीपुरती वाढ वेगळी दिली असती, तर खांदा आपोआप बसला असता.

स्वतंत्र पॅटर्नकारांनी इथे जे केले, ते मला मनापासून मोलाचे वाटते. त्यांनी सर्वांसाठी एक ब्लॉक हे तत्त्वच मोडले. कोलेटने सी कप धरून आखणी केली. सूअहोलिकने खांदे लहान आणि सीट मोठी असलेले अंग हाच आपला पाया मानला. २०१५ मध्ये जेनी रशमोर यांनी सुरू केलेल्या कॅशमेरेटने मोठ्या मापांसाठी सी ते एच कपापर्यंत छातीचे वेगवेगळे तुकडेच दिले, त्यामुळे शिवणारीला कागद कापून, पसरून, टक्स (आकार देण्यासाठी घातलेल्या चिमट्या) हलवून स्वतः वाढ करण्याची गरज उरली नाही. जो पॅटर्नकार एकटा आहे, त्याला दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकासाठी काम करावे लागत नाही. तो एका प्रकारच्या अंगासाठी सगळा ब्लॉक नव्याने काढू शकतो, आणि ते अंग असलेल्या स्त्रिया त्याला जगभरातून शोधून काढतात. मोठ्या कंपनीला हे जमत नाही, कारण तिच्याकडे जुन्या ब्लॉकवर काढलेल्या हजारो डिझाइनांचा साठा असतो आणि तोच तिचा खरा ठेवा असतो.

म्हणून कप-मापांच्या रेषा दिसल्या की त्या लगेच छोट्यांच्या खात्यात जमा करू नका. सिंप्लिसिटीने अमेझिंग फिट या मालिकेत कपवार तुकडे आणि बसवून पाहण्याच्या सूचना पूर्वीच दिल्या होत्या. पाटी पामर यांच्यासारख्या स्वतंत्र शिक्षिकांनी मॅकॉल्ससाठी बदल करण्याच्या रेषा थेट पातळ कागदावर छापून घेतल्या, त्या १९८० च्या दशकापासून. सँड्रा बेट्झिना यांची व्होगमधली टुडेज फिट मालिका तर ए ते जे अशी अक्षरांची मापे घेऊन, बदललेल्या अंगाचा विचार करून काढलेली होती. यांतल्या शेवटच्या दोन गोष्टी तर पीडीएफवाल्या पिढीच्या आधीच्या आहेत. मात्र एक लक्षात घ्या. हे सगळे वेगळ्या मालिकेत झाले, मूळ तक्ता जागच्या जागी राहिला. २०१९-२० च्या सुमारास मापांची श्रेणी वाढवण्याची मागणी स्वतंत्र पॅटर्नकारांकडे जोरात झाली, अनेकांनी सगळे जुने पॅटर्न नव्याने काढले, आणि तो दबाव मोठ्यांपर्यंत पोचला तो मोठ्या मापांची जास्त पाकिटे आणि विविध अंगांच्या मॉडेल या रूपात. ब्लॉकपर्यंत तो पोचल्याचे मला दिसलेले नाही.

कच्चाटाका:

दोघांचेही मनापासून आभार. ४१ इंचांचा प्रसंग वाचून माझ्या दोन फसलेल्या शर्टांचा उलगडा झाला.

आणखी एक विचारते. एखाद्या छोट्या पॅटर्नकाराचा ड्रेस खूप गाजतो आणि वर्ष-दीड वर्षाने मोठ्या कंपनीच्या कॅटलॉगात जवळजवळ तशाच गळ्याचा, तशाच बाहीचा ड्रेस दिसतो, तेव्हा त्याला नक्कल म्हणावे का? आणि कायद्याने त्यात काही हरकत घेता येते का?

टाचणी:

कायद्याच्या बाजूने थोडक्यात लिहिते, कारण या बाबतीत शिवणाऱ्यांमध्ये बरेच गैरसमज आहेत. मी अमेरिकेच्या कायद्याबद्दल बोलते आहे, कारण चारही जुनी नावे तिथलीच आहेत.

अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात कपडा ही उपयोगाची वस्तू मानली जाते, आणि उपयोगाच्या वस्तूच्या आकाराला कॉपीराइट मिळत नाही. त्यामुळे लपेटून बांधायचा ड्रेस, फुगीर बाही किंवा पुढून बटणे असलेला झगा यांवर कोणीही मालकी सांगू शकत नाही. २०१७ मध्ये स्टार अॅथलेटिका विरुद्ध व्हार्सिटी ब्रँड्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कपड्यावरच्या अलंकरणाला, ते कपड्यापासून वेगळे कल्पून पाहता येत असेल तर, संरक्षण मिळू शकते असे म्हटले. पण कापणीला आणि आकाराला ते लागू होत नाही. पॅटर्नमध्ये जे सुरक्षित असते ते म्हणजे सूचनांचा मजकूर, चित्रे, फोटो आणि पाकिटाची मांडणी. एखादी पद्धत समजावून सांगणारे लेखन सुरक्षित असते, पण ती पद्धत सर्वांची असते, हे तत्त्व तर १८७९ च्या बेकर विरुद्ध सेल्डन या हिशेबवहीच्या खटल्यापासून चालत आले आहे.

म्हणजे मोठ्या कंपनीने गाजलेल्या ड्रेससारखा ड्रेस स्वतःच्या ब्लॉकवरून काढला, तर कायदा सहसा तिला अडवत नाही. हेच स्वातंत्र्य उलट्या दिशेनेही आहे. किती तरी स्वतंत्र पॅटर्नकारांचे पहिले कपडे १९४० आणि १९५० च्या दशकांतल्या, या मोठ्या कंपन्यांच्याच जुन्या पॅटर्नवरून सुचलेले होते, आणि त्यांनी ते लपवलेही नाही.

नक्कल म्हणावे का, हा प्रश्न नीतीचा आहे आणि तो मला जास्त त्रास देतो. कल्पना खुली असली, तरी एका माणसाने वर्षभर खपून, तयार कपडा पुन्हा पुन्हा उसवून, स्वेच्छेने शिवून पाहणाऱ्या पंधरा-वीस जणींकडून तपासून घेतलेला आकार दुसऱ्याने नुसत्या फोटोवरून उचलावा, हे मला पटत नाही. तरीही आरोप करताना जपून राहावे. दोघांचीही प्रेरणा त्याच हंगामातल्या तयार कपड्यांतून आलेली असू शकते, आणि नुसती दोन चित्रे शेजारी ठेवून आतल्या कागदाविषयी काहीच सिद्ध होत नाही.

धावदोरा:

आतापर्यंतची चर्चा फार चांगली झाली आहे, फक्त सगळेजण मोठ्या कंपन्या स्थिर उभ्या आहेत आणि छोटे त्यांना ढकलत आहेत, असे धरून लिहीत आहेत. विक्रीची व्यवस्था पाहिली की चित्र बदलते.

मोठ्या कंपनीचा पॅटर्न हा कापडाच्या मोठ्या दुकानातल्या लोखंडी कप्प्यांचा माल होता. टेबलावर जाडजूड कॅटलॉग, कॅटलॉगातून क्रमांक टिपायचा, कप्पा ओढायचा, पाकीट काढायचे. पाकिटावरची किंमत पंधरा-वीस डॉलरच्या घरात असली तरी सवलतीच्या दिवशी तेच पाकीट एक-दोन डॉलरला मिळे, कारण दुकानाला पॅटर्नवर कमाई करायची नसे, त्याच्यामागे तीन-चार मीटर कापड, अस्तर, चेन आणि दोरा विकायचा असे. या पद्धतीने पिढ्यान् पिढ्या ग्राहकाला एकच शिकवले की पॅटर्न ही जवळजवळ फुकट वस्तू आहे. स्वतंत्र पॅटर्नकाराने जेव्हा पूर्ण किंमत लावली आणि ती कमी केली नाही, तेव्हा आधी नाराजी झाली. पण ज्यांनी ती किंमत दिली, त्यांनी त्या पॅटर्नचा पाच-पाच वेळा उपयोग केला आणि तो जपून ठेवला. पॅटर्न काढणे हे कष्टाचे आणि कौशल्याचे काम आहे, त्याचा मोबदला असतो, ही जाणीव छोट्यांनी परत आणली. माझ्या मते त्यांचे हेच सर्वांत मोठे काम आहे, मग मोठ्यांनी ते उचलले असो वा नसो.

पीडीएफबद्दल थोडे. तुकडे जोडून चिकटवायची ए४ पाने, मोठ्या छपाईच्या दुकानासाठी ए० आकाराचा मोठा ताव, छपाई बरोबर झाली का हे पाहायला दहा सेंटिमीटरचा चौकोन, आपल्याच मापाची रेषा ठेवून बाकीच्या बंद करता येतील असे थर, आणि २०२० नंतर प्रोजेक्टरने थेट कापडावर पॅटर्न पाडून कापण्यासाठी वेगळी फाइल, ही सगळी रीत छोट्या पॅटर्नकारांनी आणि त्यांच्या ग्राहकांनी आपसांत बोलून घडवली. ज्याने एकदा थरांची फाइल वापरली, त्याला सात-आठ मापांच्या तुटक रेषा एकमेकींत गुंतलेला कागद पुन्हा नको वाटतो. मोठ्या कंपन्याही आज पीडीएफ विकतात, पण त्यांच्याकडे हा बदल सावकाश आला, कारण फाइल विकली की कप्पा, पाकीट आणि दुकानाशी असलेले नाते हे तिन्ही सुटतात.

आणि ही मोठी घरेही पूर्वीइतकी वेगळी राहिलेली नाहीत. २००१ मध्ये बटरिक आणि व्होगचे पॅटर्न मॅकॉलकडे आले. २०११ मध्ये मॅकॉलने क्विक सू विकत घेतली. हे उदाहरण विशेष आहे, कारण मिनियापोलिसमध्ये १९६७ साली कर्स्टिन मार्टेन्सन यांनी सुरू केलेली क्विक सू हीसुद्धा मुळात एका बाईची छोटी कंपनी होती. ताणणाऱ्या, विणीच्या कापडाचे कपडे घरच्या मशीनवर कसे शिवायचे, हे तिने आणि ऑरेगनमधल्या अ‍ॅन पर्सन यांच्या स्ट्रेच अँड सू या उद्योगाने लोकांना शिकवले. सव्वा सेंटिमीटरहूनही जास्त माया कापून टाकण्यापेक्षा पाव इंच माया ठेवून दोन्ही टिपा एकदम मारायच्या, ही पद्धत त्याच धाटणीतली. म्हणजे छोट्यांचा प्रभाव २००९ साली जन्मलेला नाही. त्या वेळी मोठ्यांनी तो शिकून घेतला आणि शेवटी कंपनीच घेऊन टाकली.

त्यानंतर २०१६ च्या अखेरीस मॅकॉल आणि २०१७ मध्ये सिंप्लिसिटी सीएसएस इंडस्ट्रीज या एकाच कंपनीकडे गेल्या, आणि २०२० मध्ये ती कंपनी भेटकागद वगैरे करणाऱ्या एका ब्रिटिश समूहाने घेतली. चारही जुनी नावे एका छपराखाली आली. २०२५ मध्ये समूहाने अमेरिकेतला व्यवसाय विकून टाकला आणि तो थोड्याच काळात दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेला. त्याच वर्षी जोअ‍ॅन या कापडाच्या दुकानांच्या अमेरिकी साखळीची सगळी दुकाने बंद झाली, म्हणजे ज्या लोखंडी कप्प्यांवर हा धंदा उभा होता, त्यांतले बरेचसे कप्पेच गेले. अशा घरात नवा ब्लॉक काढायला पैसा आणि माणसे कुठून येणार? मुंढा आणि बाही यांनी ब्लॉक न बदलण्याचे कारण जुन्या साठ्यात शोधले. मी त्याच्या जोडीला हे कारणही ठेवेन.

उरेबपट्टी:

धावदोरा, क्विक सूची आठवण करून दिलीत हे फार बरे झाले. माझ्या शिक्षिकेकडे तिचे पॅटर्न होते आणि ते जाड पांढऱ्या कागदावर छापलेले असल्यामुळे आम्ही त्यांवरून मापे उतरवून घेत असू, मूळ कागद कधी कापत नसू. मायेबद्दल मात्र एक पुस्ती जोडते. मोठ्या कंपन्यांची माया आजही पाच-अष्टमांश इंच, म्हणजे साधारण दीड सेंटिमीटर असते. गळ्यासारख्या वळणावर ती कातरूनच टाकावी लागते, हे खरे. पण नवशिकीला बाजूची शिवण उसवून सैल करायची असेल तर तीच माया कामी येते. बाजूला दीड आणि गळ्याला पाऊण सेंटिमीटर अशी मिश्र माया काही स्वतंत्र पॅटर्नकार देतात, आणि मला ती सर्वांत शहाणपणाची वाटते.

दुसरे म्हणजे, सगळे स्वतंत्र पॅटर्न चांगले काढलेले असतात असे कोणी समजू नये. बाहीच्या माथ्यात आणि मुंढ्यात मेळ नसलेले, ग्रेडिंग न शिकता नुसते चारी बाजूंनी फुगवलेले पॅटर्नही माझ्याकडे आलेले आहेत. मोठ्या कंपनीच्या कागदात खाच खाचेला बसते. दीडशे वर्षांची ती शिस्त आहे, आणि चांगल्या छोट्या पॅटर्नकारांनी ती त्यांच्याकडूनच घेतली आहे.

मुंढा आणि बाही:

मेळ नसलेल्या बाहीबद्दल उरेबपट्टी ताईंशी पूर्ण सहमत. कच्चाटाका, तुमच्याकडे एकाच मोठ्या कंपनीचे जुने आणि नवे पाकीट असेल, तर दोन्हींवरचा मापांचा तक्ता वाचा, आणि साध्या टक्सच्या ब्लाऊजचे तुकडे असतील तर खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचे अंतर दोन्हींत मोजा. मग आतली पत्रके उघडा. तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर तुमच्याच टेबलावर मिळेल.

कच्चाटाका:

आज दुपारी मोजले. जुने पाकीट माझ्या सासूबाईंचे, तीसएक वर्षांपूर्वीचे, नवे गेल्या काही वर्षांतले, कंपनी एकच. दोन्हींवर १२ नंबरची मापे ३४, साडेसव्वीस, ३६ अशी अक्षरशः तीच आहेत. खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचे अंतरही जवळपास सारखे भरले, फरक पट्टी सरकण्याएवढाच. नव्या पाकिटात कप-मापांचे जे तुकडे आहेत, त्यांतल्या बी कपाचा तुकडा जुन्या तुकड्यावर ठेवला तर मुंढ्याचे वळण एकावर एक बसते.

पत्रकांत मात्र खूप अंतर आहे. जुन्या पत्रकात गळ्याची उरेब (तिरपी कापलेली) पट्टी लावण्यासाठी एक ओळ आहे. नव्यात त्याच कामाला चार चित्रे आहेत, आणि तिसऱ्या चित्राखाली पट्टी किंचित ताणून लावा म्हणजे गळा उघडा पडणार नाही, असे लिहिले आहे. सासूबाईंच्या पत्रकात त्या एका ओळीच्या शेजारी त्यांनी स्वतः पेन्सिलीने लिहून ठेवले आहे: पट्टी जरा ओढून.